आपल्या कार्डावरचा माझा काउंटर

मुरल्या,

तुझ्या तेरवीला मी आलो, पण जेवलो नाही. सावलीला, तुझ्या गावी, दारात मांडव होता, पंगत बसली होती. तुझ्या भावानं दोनदा हाताला धरून मला बसवायचा प्रयत्न केला. मी पोट बरं नाही असं सांगितलं. पोट ठणठणीत होतं. तुझ्या नावाचा घास त्या दिवशी घशाखाली उतरला नसता, एवढंच.

कारखान्यातल्या लोकांनी तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय. माझ्याकडूनही दोन पानं मागितली. तुझा जन्म, शिक्षण, हुद्दे, सत्कार हे सगळं दुसऱ्या कुणीतरी लिहून झालंय. मला ते वाचायला दिलं होतं. त्यात तुझ्या फोटोखाली एक ओळ आहे: संगणकाला कामांचा क्रम झटक्यात ठरवून देणारं कार्ड मुरलीधररावांनी एकट्यानं तयार केलं. 'एकट्यानं' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. मग ठरवलं की पुस्तिकेसाठी काही लिहायचं नाही, लिहायचं ते तुलाच. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. तू जिवंतपणी भांडायला सापडला असतास तर मीही ही रीत पाळली असती.

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात आपण एकाच आठवड्यात कामावर लागलो होतो. तू सावलीकडचा, ढिवराच्या घरातला, बाप तळ्यात जाळं टाकणारा. मी घुग्घुसचा, बाप कोळशाच्या खाणीत. दोघांच्याही घरात इंजिनिअर म्हणजे काय हे नीट कुणाला माहीत नव्हतं. तुझी आई तर तू पंखे दुरुस्त करतोस असंच शेवटपर्यंत समजत होती. आपण दोघं मिळून खोली शोधायला निघालो, तेव्हा एका घरमालकानं तुझं आडनाव विचारलं, मान डोलावली. मग माझं विचारलं. ते ऐकल्यावर त्याला एकदम आठवलं की खोली कालच कुणाला तरी दिली आहे. तू तुझी वळकटी परत खांद्यावर घेतलीस आणि त्याच्यादेखत मला म्हणालास, "चाल बे अनिल्या, याच्या खोलीले खिडकीच नाई." खिडकी होती. चांगली मोठी, निंबाच्या झाडाकडे उघडणारी होती. आपण मग पोती भरणाऱ्या हमालांच्या चाळीत राहिलो, जिथं खरंच खिडकी नव्हती, आणि त्यावरून तू मला वर्षभर टोमणे मारलेस.

त्या दिवशी तू बोललास हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

कार्डाची कल्पना तुझीच. ते मी नाकारत नाही. कंट्रोल रूममधल्या त्या एका संगणकावर सगळा कारखाना लटकलेला होता. भट्टीचं तापमान वाचा, कोळशाच्या गिरणीवर लक्ष ठेवा, विजेचा भार बघा, भरलेली पोती मोजा, वजनकाट्यावर ट्रक आला की पावती छापा. कामं भरपूर आणि करणारा एक. त्यात तो बिचारा दर क्षणाला आधी सगळी यादी वरपासून खालपर्यंत तपासायचा, की आता कुणाची पाळी. कामापेक्षा कुणाचं काम आधी हे ठरवण्यातच त्याचा वेळ जायचा. कामं वाढली की भट्टीचे आकडे पडद्यावर उशिरा यायचे आणि जुने ऑपरेटर संगणकाला शिव्या घालून सरळ डोळ्यांनी ज्वाळा बघायला जायचे. तू म्हणालास, ठरवायचं काम त्याच्या डोक्यावरून काढून वेगळ्या कार्डाला देऊ. प्रत्येक कामाला महत्त्वाचा एक नंबर. कार्डावरच्या चिपा सगळे नंबर एकाच वेळी ताडून बघतील, सगळ्यात मोठा नंबर वर येईल, आणि संगणकानं फक्त विचारायचं, कोण? उत्तर तयार. गेटवरच्या चौकीदारानं एकेका ट्रकजवळ जाऊन विचारत फिरण्याऐवजी सगळ्यांनी एकदम पाटी दाखवावी, तसं.

चिपा आणायला आपण नागपूरला सीताबर्डीवर जायचो. वायरिंग तुझं, सोल्डरिंग माझं, कारण तुझा हात थरथरायचा आणि ते तू कुणाला कळू द्यायचा नाहीस. आणि भांडण दोघांचं. तुझं म्हणणं नंबर एकदा दिला की पक्का. माझं म्हणणं, असं केलं तर शेवटच्या नंबराची पाळी कधी येणारच नाही. गर्दीच्या वेळी वरचे वरचे निघत राहतील आणि खालचा तसाच पडून राहील. म्हणून प्रत्येक कामाला एक छोटा काउंटर जोडू. ते जितका वेळ थांबेल तितका त्याचा नंबर वाढत जाईल. पाळी मिळाली की काउंटर परत शून्यावर.

"भट्टी थांबली तं कारखाना थांबते," तू म्हणायचास. "ट्रकवाल्याची पावती उशिरा निघाली तं काय होते?"

"ट्रकवाला थांबते."

"मंग थांबू दे ना."

हे तू हसत म्हणायचास. मी हसायचो नाही. माझ्या बापाला मी दवाखान्याच्या, रेशनच्या, पगाराच्या खिडकीसमोर उभं राहिलेलं बघितलं होतं, दरवेळी त्याच्या पुढं कुणीतरी जास्त महत्त्वाचा माणूस यायचा. पण मी तुला ते सांगितलं नाही, मी फक्त म्हणालो की भट्टीचा नंबर इतका मोठा ठेवू की ट्रकवाला दिवसभर उन्हात बसला तरी तिथवर पोचणार नाही. निदान बाकीच्यांच्या पुढं तरी जाईल. तू बरेच दिवस कुरकुर केलीस आणि एका दुपारी डबा खाता खाता म्हणालास, लाव तुझा काउंटर. कार्डाच्या उजव्या बाजूला माझे काउंटर बसले. ते चालले, मुरल्या. तू आणि मी दोघांनी मिळून ते चालताना बघितले होते.

आता दसरा. कारखान्यात दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. क्रशरला हार, ट्रकना हार, पान्यांना हळदकुंकू. कंट्रोल रूममध्ये मात्र तूच पाटी लिहून लावली होतीस: संगणकाला व कार्डांना हळदकुंकू लावू नये. आधी एका म्हाताऱ्या ऑपरेटरनं कीबोर्डवर कुंकवाचं पाणी शिंपडलं होतं, तेव्हा तू त्याला सगळ्यांसमोर असं झापलं होतंस की तो महिनाभर तुझ्याशी बोलला नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं तुझं भाषण आपल्या मोठ्या साहेबांनाही फार आवडलं होतं. कारखान्यातला आधुनिक माणूस म्हणजे तू. मी दरवर्षीसारखा त्या दिवशी आईला घेऊन दीक्षाभूमीवर नागपूरला गेलो होतो. तू जाताना मला म्हणालास, "जाय बिनधास्त, कार्ड माझ्या टेबलावर हाय."

मी परत आलो तो थेट चाचणीच्या दिवशी. मुख्य कार्यालयातले साहेब आले होते. कार्ड पास झालं तर दोघांची नोकरी पक्की होणार होती, आणि दुसऱ्या कारखान्यांत ते बसवायला आपल्याच दोघांना पाठवणार होते. सुरुवात छान झाली. भट्टीचे आकडे इतके झरझर आले की साहेब खुर्ची ओढून पुढं बसले. मग वजनकाट्यावर ट्रक लागले. पावतीचा नंबर हळूहळू वाढला, पावतीला पाळी मिळाली, पावती निघाली. आणि नंबर खाली आलाच नाही. तो वाढतच राहिला, भट्टीच्याही वर गेला. पुन्हा पावती. पुन्हा पावती. भट्टीचे आकडे पडद्यावर गोठले. ऑपरेटरनं कार्ड बंद करून भट्टी हातानं सांभाळली, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हे कुठलं बिघडलं?" त्यांनी विचारलं.

तू म्हणालास, "काउंटरचा भाग अनिलचा हाय, साहेब."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तुला खोटं बोलावंच लागलं नाही. मोठे साहेब मग पाहुण्यांचा मूड सावरायला म्हणाले, "हा दसऱ्याला पूजेला नसतो ना, म्हणून मशीन रुसलं." सगळे हसले. ज्या ऑपरेटरला तू झापलं होतंस तोही हसला. मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा पुन्हा वळकटी खांद्यावर घेईल. तू टेबलाखालच्या वायरकडे बघत राहिलास.

संध्याकाळी तू कार्ड घरी नेलंस, तपासतो म्हणून. दुसऱ्या दिवशी आणलंस तेव्हा उजव्या बाजूच्या सगळ्या चिपा काढलेल्या होत्या. मी म्हटलं, आधी मला दाखवायचंस तरी, कुठं चुकलं ते. तू म्हणालास, दाखवण्यासारखं काही नाही, तो भाग नकोच. कार्ड इतकं लख्ख पुसलेलं होतं की नवं वाटत होतं. मला तेव्हा वाटलं, बिचाऱ्यानं माझी लाज झाकायला एवढी मेहनत घेतली.

माझ्या काउंटरशिवाय कार्ड पुढच्या चाचणीत पास झालं. तू पक्का झालास, मला मुदतवाढ मिळाली नाही. मी चंद्रपूरला तंत्रनिकेतनात शिकवायला लागलो. वाईट नोकरी नाही ही, तक्रार करत नाही. पण त्यानंतर मी स्वतःच्या हातानं एकही कार्ड बनवलं नाही, मुरल्या. पुस्तकातलं फळ्यावर काढायचं आणि फळा पुसायचा. विद्यार्थ्यांनी बनवलेलं काही नीट चाललं नाही की त्यांची चूक दिसायच्या आधी मला वाटायचं, मीच काही चुकीचं शिकवलं असणार. तो काउंटर मी कागदावर किती वेळा काढून बघितला असेल. चूक सापडायची नाही. आणि सापडत नाही म्हणून आणखी भीती वाटायची, की जी चूक मला दिसतच नाही ती मी पुढंही करत राहणार. माझी बायको म्हणायची, सोडा आता ते. तिला काय सांगू? शिकलेल्या माणसाकडे स्वतःच्या हातावरचा भरवसा सोडून दुसरी इस्टेट ती कुठली?

तू मात्र दरवर्षी धान निघालं की सावलीच्या तांदळाचं पोतं पाठवायचास. कुणाच्या तरी जीपमधून यायचं, सोबत निरोप नसायचा. बायको कौतुक करायची, मित्र असावा तर असा. लग्नाकार्यात भेटलास की तू पाठीवर थाप मारायचास, मुलांची विचारपूस करायचास, आणि मी कार्डाचा विषय काढला की तुला लगेच कुणाला तरी स्टेशनवर सोडायचं असायचं. मी तुझा तांदूळ खाल्ला. चांगला होता तांदूळ, वास घरभर सुटायचा.

आणि तेरवीच्या दिवशी शोभावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर पंगतीची गडबड चालू होती. त्या खाली बघत होत्या.

"भाऊ, आमच्या घरी दसऱ्याले कोन्त्याच मशीनले कुंकू लावत नाई. स्कूटरले नाई, मिक्सरले नाई. त्यांनी कधी लावूच नाई देल्लं. मले वाटे, शिकेल माणूस हाय. मंग एक डाव लई आग्रह केला तं रडले. म्हणाले, मीच लावलं होतं कार्डले."

मला आधी कळलंच नाही. कुणी लावलं, कशाला लावलं?

त्यांनी सगळं सांगितलं. दसऱ्याच्या सकाळी तू कंट्रोल रूममध्ये एकटा होतास. दोन दिवसांनी चाचणी, नोकरीचा प्रश्न, घरी बाप आजारी. बाहेर सगळीकडे आरत्या चाललेल्या. पाटी लिहिणाऱ्या माणसानं आपलीच पाटी मोडली. तू पाण्यात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलंस आणि कार्डाच्या तुझ्या बाजूला, अगदी कडेला, टिकली लावलीस. मग तुला माझी आठवण झाली.

"म्हणाले, अनिल्या इथी नाई, त्याच्या हिश्शाचं मीच लावतो. तुमच्या बाजूले लावलं. तिकडं जरा जास्तच लावलं म्हणाले, तुमचं चांगलं व्हावं म्हून."

चाचणीच्या सकाळी तू वरवर पुसलंस. चिपांच्या खाली शिरलेलं तसंच ओलसर राहिलं. संध्याकाळी घरी चिपा उपटल्यास तेव्हा खाली लाल दिसलं, आणि तुला सगळं कळलं. काउंटर शून्यावर आणणाऱ्या चिपेच्या पायावरच, म्हणजे पिनवरच, ते बसलं असणार. वहिनींना तो पाय वगैरे माहीत नाही, त्या म्हणाल्या, "तुमच्याच बाजूले होतं म्हणे." तू स्पिरिटनं सगळं स्वच्छ केलंस. कार्ड लख्ख का होतं ते मला इतक्या वर्षांनी समजलं.

मी तिथं बसलो आणि मला काय वाटलं ते सांगतो. पहिल्यांदा मला तुझ्याबद्दल प्रेम वाटलं. खरंच. ज्या घरात कुंकवाची डबी यंत्राजवळ जात नाही त्या घरातल्या मित्रासाठी तू कुंकू लावलंस, आणि स्वतःपेक्षा जास्त लावलंस. तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, मग दोघं हसून हसून लोळलो असतो. साहेबांना सांगितलं असतं की ओल पोचली होती, पुन्हा चाचणी घ्या. ओल कशाची, हे विचारलंच असतं त्यांनी, आणि तुझी पाटी, तुझं भाषण, तुझा आधुनिकपणा उघडा पडला असता. नोकरीही गेली असती कदाचित. ती भीती मला कळते. त्या दिवसांत, त्या लोकांसमोर ती भीती मी माफही केली असती.

पण पुढची वर्षं? साहेब हसले ते माझ्या दसऱ्यावर हसले. मशीन रुसलं म्हणाले, कारण मी पूजेला नव्हतो. आणि मशीन बिघडलं होतं ते पूजेनं. हे त्या संध्याकाळपासून जगात फक्त तुला माहीत होतं. घरमालकासमोर खिडकी नाही म्हणणारा माणूस तिथं गप्प बसला, आणि मग गप्प बसण्याची त्याला सवय झाली. तुझ्याकडे पोतं पाठवायला वेळ होता, जीप होती. मला सांगायचं ते एक वाक्य मात्र तू सगळ्यात खालच्या नंबरावर ठेवलंस आणि वरची कामं तुला कधी संपली नाहीत. माझं म्हणणं तू ऐकलं असतंस तर इतकी वर्षं थांबलेलं वाक्य कधी तरी वर आलं असतं. भांडण तिथंच होतं आपलं.

वहिनींनी शेवटी विचारलं, "त्यांले माफ कराल ना भाऊ?" मी म्हणालो, "आज नाई जमत, वहिनी." आणि न जेवता बसस्टँडवर आलो. त्या बाईचा काय दोष? तिला नवऱ्याचं ओझं मरणानंतरही वाहावं लागलं. तिच्या दारातून उपाशी निघालो याचंही खापर मी तुझ्यावरच फोडतो.

तुझं कार्ड आता कुठं असेल कोण जाणे. नव्या संगणकांना त्याची गरज उरली नाही, भंगारात गेलं असं ऐकतो. मागच्या आठवड्यात मी तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतलं जुनं कपाट उघडलं, तसल्याच चिपा शोधल्या आणि किती तरी वर्षांनी सोल्डरिंग गन हातात घेतली. काउंटर पुन्हा बनवला. जसा होता तसाच, काही न सुधारता. पाच कामं जोडली: भट्टी, गिरणी, वीज, पोती, पावती. पावतीला थांबवून ठेवलं. नंबर चढला, गिरणीच्या पुढं गेला, पोत्यांच्या पुढं गेला, भट्टीच्या खाली राहिला. भट्टीचं झाल्यावर पाळी मिळाली आणि काउंटर शून्यावर आला. मी दुपारभर तेच बघत बसलो. मग शेजारच्या विभागातल्या मॅडमकडून थोडं कुंकू मागून आणलं. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. पाण्यात कालवून एक थेंब त्या पायापाशी ठेवला. काउंटर शून्यावर यायचा बंद झाला. पुसलं, स्पिरिट लावलं, वाळवलं, आणि तो पुन्हा चालला.

मला आनंद व्हायला हवा होता. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि रडलो. काउंटरसाठी रडलो की तुझ्यासाठी, ते सांगता येत नाही. राग तिळभर कमी झाला नाही.

काल वहिनींना फोन केला. जेवलो नाही त्याची माफी मागितली आणि सांगितलं, काउंटर चालते, वहिनी. माझी चूक नव्हती. वहिनी म्हणाल्या, "हे त्यांले सांगाले पायजे होतं, भाऊ."

मी म्हटलं, "वहिनी, हे त्यानं मले सांगाले पायजे होतं."